शेअर ३.५३ चा की २,३६,२५० चा? फेअर व्हॅल्यू, दुकानदाराच्या भाषेत



बॅलन्स शीटवरच्या व्हिडिओनंतर एक प्रश्न फिरून फिरून येतोय. कंपनीच्या बॅलन्स शीटमध्ये "इन्व्हेस्टमेंट्स" म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो खरेदीचा असतो की आजच्या भावाचा? आणि आजच्या भावाचा असेल, तर तो भाव ठरवतं कोण?

प्रश्न एकदम बरोबर आहे. उत्तर मात्र दहा-बारा मिनिटांच्या व्हिडिओत बसत नाही, म्हणून इथे निवांत लिहितोय. चहा घेऊन बसा. थोडे आकडे आहेत, पण सगळे दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर होतील असेच आहेत.

माझं माटुंग्याला रंग आणि हार्डवेअरचं दुकान आहे हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणून उदाहरणही रंगाचंच घेतो, आणि तेही आपल्या मुंबईतलं.

सात लाखांत अख्खी कंपनी

एशियन पेंट्स ही कंपनी १९४२ मध्ये गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये सुरू झाली. चार मित्र होते: चंपकलाल चोकसी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील. पुढे ती देशातली सगळ्यात मोठी रंगाची कंपनी झाली. यातल्या वकील कुटुंबाची एक वेगळी कंपनी आहे, एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स. तिचं ऑफिस वरळीला. ही कंपनी काही बनवत नाही, काही विकत नाही. शेअर धरून ठेवणं हाच तिचा धंदा. मुख्य माल कोणता? एशियन पेंट्सचे शेअर. स्वतःचे आणि उपकंपन्यांचे मिळून एशियन पेंट्सचा जवळजवळ २.९५ टक्के हिस्सा तिच्याकडे होता.

आता आकडे बघा. एल्सिड बीएसईवर लिस्टेड आहे. जून २०२४ मध्ये तिच्या शेअरचा स्क्रीनवरचा भाव होता ३ रुपये ५३ पैसे. कंपनीचे एकूण शेअर किती? फक्त दोन लाख. गुणाकार करा: ७ लाख ६ हजार रुपये. म्हणजे स्क्रीनच्या हिशेबाने अख्खी कंपनी सात लाखांत! एवढ्यात माटुंग्यात दुकानाचा गाळा तर सोडा, बरी गाडीसुद्धा विचार करूनच घ्यावी लागते.

आणि कंपनीच्या कपाटात काय होतं? त्या वेळच्या भावाने एशियन पेंट्सचा तो हिस्साच सुमारे साडेआठ हजार कोटींचा. त्याला दोन लाखांनी भागा. एका शेअरमागे सव्वाचार लाख रुपये. इतर गुंतवणूक धरून एका शेअरची बुक व्हॅल्यू सुमारे ५ लाख ८५ हजार सांगितली जात होती.

म्हणजे एकाच कागदाचे दोन आकडे. स्क्रीन म्हणते साडेतीन रुपये, बॅलन्स शीट म्हणते पावणेसहा लाखांच्या वर. कोणता खरा?

भाव होता, पण सौदा नव्हता

इथे थोडं थांबा, कारण सगळा विषय या एका गोष्टीवर उभा आहे.

३.५३ हा भाव खोटा नव्हता. तो शेवटच्या सौद्याचा भाव होता. पण सौदे होतच नव्हते. ज्याच्याकडे शेअर होता त्याला आत काय आहे ते माहीत होतं. तो साडेतीन रुपयांना कशाला विकेल? बाजाराच्या नियमाप्रमाणे भाव एका दिवसात ठराविक टक्क्यांपेक्षा जास्त हलू शकत नाही. साडेतीन रुपयांवर पाच टक्के म्हणजे सतरा पैसे. अशा पायऱ्यांनी लाखांत जायला किती दिवस लागतील? आणि प्रत्येक पायरीवर विकणारा कोणीतरी हवाच ना? तो नव्हता. म्हणून भाव गोठून राहिला. गंमत म्हणजे प्रवर्तकांनी शेअर बाजारातून काढून घेण्यासाठी १,६१,०२३ रुपये अशी मूळ किंमत पुढे केली होती, तीही बाहेरच्या भागधारकांना पटली नाही. स्क्रीनवर साडेतीन आणि कोणी दीड लाखाच्या वर देतंय तर नको म्हणणारी माणसं! पण त्यांचा हिशेब बरोबर होता.

मग सेबीने जून २०२४ मध्ये एक परिपत्रक काढलं. ज्या होल्डिंग कंपन्यांचा भाव त्यांच्या बुक व्हॅल्यूच्या निम्म्यापेक्षाही खाली अडकलाय, त्यांच्यासाठी वर्षातून एकदा विशेष लिलाव घ्यायचा. त्यात वर-खाली काही मर्यादा नाही. घेणाराने खरा भाव बोलायचा, विकणाराने खरा भाव मागायचा. आणि किमान पाच वेगळे घेणारे आणि पाच वेगळे विकणारे असतील तरच तो भाव ग्राह्य धरायचा.

ऑक्टोबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात एल्सिडचा भाव असा निघाला २,२५,००० रुपये. २९ ऑक्टोबरला त्यावर पाच टक्के वाढून तो २,३६,२५० वर थांबला. एमआरएफला मागे टाकून देशातला सगळ्यात महाग शेअर! व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड फिरले, "एका दिवसात लाखाचे अब्जावधी" वगैरे. खरं तर त्या दिवशी कंपनीच्या कपाटात एक रुपयाही नवीन आला नव्हता. जो माल आधी होता तोच होता. फक्त त्याला पहिल्यांदा खरा बाजार मिळाला.

मग फेअर व्हॅल्यू म्हणजे नेमकं काय?

भारतात मोठ्या कंपन्यांना इंड एएस नावाचे हिशेबाचे नियम पाळावे लागतात. १ एप्रिल २०१६ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले, आणि मोठ्या फायनान्स कंपन्यांना १ एप्रिल २०१८ पासून. त्यातले दोन नियम आपल्या कामाचे. इंड एएस १०९ सांगतो की कोणती गुंतवणूक कशी दाखवायची. इंड एएस ११३ सांगतो की फेअर व्हॅल्यू कशी काढायची.

सोप्या भाषेत फेअर व्हॅल्यू म्हणजे: आजच्या तारखेला, घाईगडबड किंवा जबरदस्ती नसताना, माहितगार घेणारा आणि माहितगार विकणारा यांच्यात ती वस्तू विकली तर जी किंमत हातात येईल ती.

यातला प्रत्येक तुकडा महत्त्वाचा आहे. "आजच्या तारखेला", म्हणजे खरेदीचा भाव नाही. "जबरदस्ती नसताना", म्हणजे देणी थकली म्हणून गळ्याशी आल्यावर विकला तो भाव धरायचा नाही. "हातात येईल", म्हणजे विकण्याची किंमत, विकत घेण्याची नव्हे.

ही किंमत काढायला तीन पायऱ्या आहेत. त्यांना लेव्हल १, २ आणि ३ म्हणतात.

लेव्हल १: दादरच्या फुलबाजारात सकाळी मोगऱ्याचा भाव काय, हे कुणालाही विचारा. दहा जण सांगतील, थोड्याफार फरकाने तेच सांगतील, कारण समोर सौदे चाललेत. एशियन पेंट्सचा शेअर तसा आहे. रोज लाखो शेअर हलतात. भाव गुणिले नग, संपला विषय. अंदाजाला जागाच नाही.

लेव्हल २: तुमच्या इमारतीतला तुमचा फ्लॅट विकला गेलेला नाही, पण वरच्या मजल्यावरचा तसाच फ्लॅट गेल्या महिन्यात विकला गेला. त्यावरून तुम्ही आपला भाव काढता. तो भाव थेट मिळालेला नाही, पण आधार बाजाराचाच आहे. बरेच बाँड असे असतात. त्याच मुदतीच्या, त्याच रेटिंगच्या दुसऱ्या बाँडवरून भाव निघतो.

लेव्हल ३: काकांच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत तुमचे दोनशे शेअर आहेत. ना बाजार, ना शेजारी. मग पुढची पाच वर्षं नफा किती होईल, व्याजदर काय धरायचा, असे अंदाज मांडून किंमत काढावी लागते. गणित चोख असतं, पण गणितात घातलेले आकडे माणसाने ठरवलेले असतात.

आता एल्सिडकडे परत बघा. समजा जून २०२४ मध्ये एखाद्या कंपनीच्या पुस्तकात एल्सिडचे शेअर आहेत. ३.५३ हा लेव्हल १ भाव म्हणून चालेल का? नाही! कारण लेव्हल १ ला नुसता छापलेला भाव पुरत नाही, चालता बाजार लागतो. पुरेसे सौदे, पुरेशा वेळा. शेअर लिस्टेड आहे म्हणून त्याचा स्क्रीनवरचा भाव आपोआप फेअर व्हॅल्यू होत नाही. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

आणि उलटी बाजूही बघा. बुक व्हॅल्यू ५.८५ लाख असताना लिलावात भाव २.२५ लाखच का निघाला? कारण घेणाऱ्याला माहीत आहे की प्रवर्तक ते एशियन पेंट्सचे शेअर विकून पैसे वाटून टाकणार नाहीत. विकले तरी मध्ये टॅक्स आहे. कपाटात माल आहे, पण किल्ली दुसऱ्याकडे आहे. याला होल्डिंग कंपनी डिस्काउंट म्हणतात. नंतरच्या दिवसांत हाच शेअर तीन लाखांच्या वर गेला आणि मग खालीही आला. म्हणजे फेअर व्हॅल्यू ही दगडावरची रेघ नाही. ती त्या त्या तारखेची असते.

नफ्यात दिसतं की नाही?

किंमत काढली, पण ती कुठे दाखवायची? यासाठी तीन कप्पे आहेत.

पहिला कप्पा अमॉर्टाइज्ड कॉस्टचा. बाँड घेतलाय, व्याज घ्यायचं, मुदत संपल्यावर मुद्दल घ्यायचं, मध्ये विकायचा विचार नाही. असा बाँड रोजच्या भावाने हलवत नाहीत.

दुसरा कप्पा: फेअर व्हॅल्यू तर लावायची, पण चढउतार नफ्यात न घेता "अदर कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कम" या वेगळ्या ओळीत टाकायचे. वर्षानुवर्षं धरून ठेवायच्या शेअरसाठी कंपनी हा पर्याय निवडू शकते. पण एकदा निवडला की त्या शेअरसाठी बदलता येत नाही. शेअर विकल्यावर झालेला फायदाही मग नफ्याच्या खात्यातून जात नाही. डिव्हिडंड तेवढा जातो.

तिसरा कप्पा: चढउतार थेट नफा-तोट्यात. म्युच्युअल फंडाचे युनिट, खरेदी-विक्रीसाठी घेतलेले शेअर इथे येतात.

याचा तुम्हाला काय उपयोग? एखाद्या कंपनीचा नफा या वर्षी दुप्पट झाला असं वाचलंत, तर आधी बघा की माल जास्त विकला की तिसऱ्या कप्प्यातल्या गुंतवणुकीचा भाव चढला. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर गल्ला भरला की नुसती गोडाऊनमधल्या मालाची किंमत वाढली? दोन्ही चांगलं, पण पगार गल्ल्यातूनच द्यावा लागतो.

रिझर्व्ह बँकेलाही हा फरक महत्त्वाचा वाटतो. व्यापारी बँकांच्या गुंतवणुकीसाठी १ एप्रिल २०२४ पासून नवे नियम लागू झाले. त्यात हेच कप्पे आणि याच तीन लेव्हल आहेत. आणि एक कडक अट: लेव्हल ३ च्या किमतीवर दाखवलेला, पण अजून हातात न आलेला निव्वळ फायदा डिव्हिडंड म्हणून वाटता येणार नाही, आणि मुख्य भांडवलातूनही तो वजा करायचा. का? कारण तो फायदा अंदाजाचा आहे. अंदाजातून रोख वाटायची नाही.

किंमत बरोबर, पण पैसे कुठे?

आता दुसरी गोष्ट, जी आपल्यासारख्या धंदेवाल्यांना जास्त लागू आहे. बरेच दुकानदार रिकामा पैसा करंट अकाउंटला ठेवण्यापेक्षा डेट फंडात टाकतात. वाईट नाही. पण २०२० साल आठवा.

१६ जानेवारी २०२०. सुप्रीम कोर्टाने टेलिकॉम कंपन्यांची एजीआर थकबाकीबाबतची पुनर्विचार याचिका फेटाळली. त्याच दिवशी फ्रँकलिन टेम्पलटन म्युच्युअल फंडाने आपल्या योजनांमधल्या व्होडाफोन आयडियाच्या बाँडची किंमत शून्य लावली. एनएव्ही एका दिवसात काही टक्के खाली आली. पुढे त्यातल्या एका बाँडची मुदत जुलै २०२० मध्ये संपली आणि कंपनीने त्याचे पैसे दिलेही. मग शून्य लावलं ते चूक होतं का? मी तसं म्हणणार नाही. त्या दिवशी, त्या माहितीवर केलेला तो अंदाज होता. अशा कागदाला लेव्हल १ भाव नसतो. कोणाला तरी बसून ठरवावं लागतं, आणि ठरवणारा दोन्ही बाजूंना हलू शकतो.

मग २३ एप्रिल २०२०. लॉकडाऊन चालू, बाजारात बाँडला गिऱ्हाईक नाही, आणि लोक पैसे काढायला लागलेले. फ्रँकलिनने सहा डेट योजना बंद करायचं जाहीर केलं. त्यांत २५ हजार कोटींच्या वर रक्कम होती. आदल्या दिवसापर्यंत या योजनांची एनएव्ही रोज चार दशांश स्थळांपर्यंत छापून येत होती. दुसऱ्या दिवशीही एनएव्ही होतीच. फक्त पैसे निघत नव्हते.

पुढे कोर्टकचेरी झाली, बाँड हळूहळू वसूल झाले, आणि गुंतवणूकदारांना टप्प्याटप्प्याने मिळालेली एकूण रक्कम बंद झाल्या दिवशीच्या मूल्यापेक्षा थोडी जास्तच भरली. म्हणजे छापलेली किंमत बरीचशी बरोबर होती. पण ज्या दुकानदाराला मे महिन्यात व्यापाऱ्याचं बिल द्यायचं होतं, भाडं द्यायचं होतं, त्याला दोन वर्षांनी बरोबर ठरलेल्या किमतीचा काय उपयोग?

म्हणून लक्षात ठेवा. फेअर व्हॅल्यू "कितीला विकलं जाईल" हे सांगते, "कधी विकलं जाईल" ते सांगत नाही. धंद्याचं खेळतं भांडवल ठेवताना दुसरा प्रश्न आधी विचारायचा.

हे तुमच्या घरात कुठे लागतं?

समजा, दोन भाऊ आहेत. वडील गेले, कपाटात जुने शेअर सापडले. त्यात दहा शेअर एल्सिडचे. जून २०२४ मध्ये वाटणी झाली. धाकट्याने मोबाइलवर भाव बघितला: पस्तीस रुपये तीस पैसे. "दादा, हे तुझ्याकडेच राहू दे, एवढ्यासाठी कोण सह्या करत बसणार!" चार महिन्यांनी दादाकडे २३ लाख ६२ हजार ५०० रुपयांचा कागद. दादाने काही फसवलं नाही. धाकट्यानेही काही लपवलं नाही. पण त्या घरात पुढच्या गणपतीला काय वातावरण असेल, विचार करा.

हेच पार्टनरशिपमध्ये होतं. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये तर सर्रास. छोट्या कंपन्या इंड एएस पाळत नाहीत. त्यांना जुना एएस १३ नियम लागतो. त्यात दीर्घ मुदतीची गुंतवणूक खरेदीच्या किमतीलाच दिसते. कायमची घसरण झाली तरच कमी करतात, वाढ दाखवत नाहीत. चालू गुंतवणुकीला खरेदी किंमत आणि फेअर व्हॅल्यू यातली कमी असेल ती. म्हणून वीस वर्षांपूर्वी पन्नास हजारांना घेतलेले शेअर आज पंधरा लाखांचे झाले तरी पुस्तकात पन्नास हजारच. जो पार्टनर पुस्तक बघून हिस्सा घेऊन बाहेर पडला, त्याने साडेचौदा लाखांतला आपला वाटा सोडला.

म्हणून चार कामं करा.

एक, पार्टनरशिप डीडमध्ये किंवा कंपनीच्या करारात लिहून ठेवा की कोणी बाहेर पडला तर गुंतवणुकीची किंमत कोणत्या तारखेची आणि कोणत्या पद्धतीने धरायची. संबंध चांगले असतानाच लिहा.

दोन, वाटणीआधी प्रत्येक शेअरचा नुसता भाव बघू नका. गेल्या सहा महिन्यांत सौदे किती झाले तेही बघा. सौदे नसतील तर कंपनीकडे काय आहे ते उघडून बघा.

तीन, लिस्टेड नसलेल्या शेअरसाठी नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून लेखी किंमत घ्या. आणि त्यात कोणते अंदाज धरलेत ते वाचा, नुसता शेवटचा आकडा नको.

चार, पुढच्या तीन महिन्यांत लागणारा पैसा जिथून त्या दिवशी निघतो तिथेच ठेवा.

वार्षिक अहवालात कुठे बघायचं?

तुमच्याकडे ज्या कंपनीचा शेअर आहे तिचा वार्षिक अहवाल तिच्या वेबसाइटवर मोफत असतो. शेवटच्या भागात नोट्स असतात. त्यात "फेअर व्हॅल्यू" नावाची नोट शोधा. तिथे तक्ता सापडेल, लेव्हल १, २, ३ असे रकाने असलेला. मग हे प्रश्न विचारा:

– एकूण गुंतवणुकीपैकी लेव्हल ३ मध्ये किती?
– तो आकडा गेल्या वर्षीपेक्षा वाढला असेल तर नवीन खरेदीमुळे की नुसत्या किंमत वाढवण्यामुळे? वर्षाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा लेव्हल ३ चा हिशेब त्याच नोटमध्ये असतो.
– कोणते अंदाज धरलेत, आणि ते थोडे बदलले तर किंमत किती हलते?
– एखादी गुंतवणूक एका लेव्हलवरून दुसरीत गेली का? गेली तर का?
– ही वाढ नफ्यात घेतलीय की दुसऱ्या कप्प्यात?

लेव्हल ३ मध्ये काही आहे म्हणजे लबाडी आहे असं अजिबात नाही. चांगल्या चांगल्या कंपन्यांकडे असतं. फक्त तिथे आकडा माणसाच्या हाताने लिहिलाय हे डोक्यात ठेवून वाचायचं.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या डिमॅटमधली कोणतीही एक कंपनी घ्या, ही नोट उघडा, आणि तीन लेव्हलचे तीन आकडे वहीत उतरवा. दहा मिनिटांचं काम आहे. अडलं तर व्हिडिओखाली कंपनीचं नाव आणि पान नंबर लिहा. पुढच्या भागात त्यातल्याच दोन कंपन्यांचे तक्ते आपण ओळ न् ओळ वाचणार आहोत.